बोटं आली का?

नागपूरच्या दवाखान्यात मला पुन्हा चालायला शिकवणाऱ्या फिजिओथेरपीच्या ताईंनी निरोप पाठवला. "काका, तुम्ही बरे झालात ना, मग चार पानं लिहून पाठवा. नव्या पेशंटना वाचायला देते. त्यांना धीर येईल." मी लिहायला बसलो खरा, पण बरा झालो म्हणजे नेमका काय झालो, इथेच पहिला तास गेला. तेव्हा आधीच सांगून टाकतो. यात धीर आहे, पण थोडा आहे. बाकी माझी एक लबाडी आहे आणि ती दुसऱ्याच एका बाईला भोवली, ती हकीकत आहे. ताईंना ती गाळायची असेल तर त्यांनी हे सगळंच गाळावं.

मी दिगंबर. मूळ गाव आदिलाबाद जिल्ह्यात भीमपूर मंडलात, नदी ओलांडली की महाराष्ट्र. राहतो इचोड्याला आणि तिथल्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी वेगळी काढायच्या कारखान्यात, ग्रेडर आहे. शेतकऱ्याच्या गाडीतला कापूस सुका की ओला, चांगला की कवडीचा, म्हणजे किडका-डागाळलेला, हे सांगायचं माझं काम. ओलावा मोजायचं यंत्र आहे, नाही असं नाही. पण त्याची सुई टोचाल तेवढ्याच जागेचं सांगते आणि आमच्याकडचा शेतकरी तिच्यावर भरवसा ठेवत नाही. आमची रीत वेगळी. ग्रेडरने ट्रॉलीवर चढायचं, बाही वर सारायची, शेतकऱ्यासमोर खांद्यापर्यंत हात मालात घालायचा आणि आतल्या आत बोटांनी माल चाचपायचा. मधला कापूस मुठीत धरून बाहेर ओढायचा, दाबून सोडायचा. सुका असेल तर तो फुलून येतो, ओला असेल तर गोळा होऊन बसतो. त्यातली सरकी दाताखाली धरायची, कट्ट वाजली की माल पास. निकाल तिथेच मोठ्याने सांगायचा आणि चिठ्ठीवर सही ठोकायची. हात न घालता सही केली तर शेतकरी गाडी रिकामी करत नाही.

बावीस वर्षं मी हे केलं. मला माझ्या बोटांचा माज होता. लग्नकार्यात लोक जेवणाकडे बघायचे, मी पाहुण्यांचे सदरे चिमटीत धरून यात सूत किती आणि पॉलिस्टर किती ते सांगत फिरायचो. सुनंदा, म्हणजे माझी बायको, लाजेने दुसऱ्या पंगतीत जाऊन बसायची.

*

हंगाम नुकताच सुरू झाला होता. त्याआधी पंधरा दिवस जुलाबांनी मला पिळून काढलं होतं. ढाब्यावरचं खाणं अंगाशी आलं म्हणून सोडून दिलं. मग तळपायांना मुंग्या यायला लागल्या. एका सकाळी यार्डातून ऑफिसात आलो तर हमाल हसायला लागले. एक चप्पल मागे यार्डातच निघून राहिली होती आणि मला पत्ता नव्हता. त्यांच्याबरोबर मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी ट्रॉलीवरून उतरताना गुडघे मोडले आणि मी सरळ खाली आलो. खालचा शेतकरी म्हणाला, "साहेब आज सकाळीच टाकून आले वाट्टे." मी आयुष्यात थेंब घेतलेला नाही, पण तेव्हा वाटलं की घेतली असती तर बरं झालं असतं. उतरली तरी असती.

संध्याकाळपर्यंत चमचा उचलेना. सुनंदाने शेजारच्यांची गाडी मागितली आणि मला आदिलाबादच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारली, पाय जागचा हलला नाही. त्यांनी दुसऱ्यांदा मारली नाही, लगेच चिठ्ठी लिहिली, नागपूर.

नागपूरला पाठीच्या कण्यातून पाणी काढून तपासलं आणि मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, "नसों की बीमारी है. आपके ही शरीर की फौज आपकी नसों से लड़ रही है. अच्छी बात ये है कि ज़्यादातर लोग ठीक हो जाते हैं." आजाराचं नाव लांबलचक परदेशी होतं, वॉर्डात सगळे जीबीएस म्हणत. त्या वाक्यातलं 'ठीक' मी धरलं आणि 'ज़्यादातर' सुनंदाने. आमच्या पुढच्या वर्षभराच्या भांडणांचं मूळ तिथे आहे.

बाहेर ती नर्सला विचारत होती, "बाई, वाचतीन ना हे?" दार उघडं होतं, मला ऐकू आलं. मी आत डॉक्टरांना विचारत होतो की हात कधी चालू होतील, कारण हंगाम फक्त चार महिन्यांचा असतो. मला माझी लाज आज वाटते, तेव्हा वाटली नव्हती.

*

दोन दिवसांनी श्वास पुरेना, तेव्हा गळ्यात नळी घातली. एकोणीस दिवस मशीनने माझा श्वास घेतला. डोकं पूर्ण शुद्धीवर आणि हात, पाय, आवाज बंद. जे आत्ता तिथे आहेत त्यांना सांगतो, सगळ्यात वाईट दुखणं नसतं. नाक खाजतं ते असतं. खाजतं आहे हे जगात कोणालाच कळत नाही.

दिवसाला आकार यायचा तो कामांनी. पहाटे अंग पुसणं, मग कूस बदलणं, मग नळीतून कफ ओढणं. या वेळी मी मनात सुनंदाच्या माहेरच्या सगळ्यांना शिव्या देऊन घ्यायचो, त्याने बळ यायचं. मग डॉक्टरांची फेरी. मग भेटायची वेळ, आणि ती मला नकोशी असायची.

भेटायला येणारे दोन प्रकारचे. एक, माझ्या तोंडाशी येऊन ओरडून बोलणारे, जणू माझे कान गेलेत. दुसरे, माझ्या अंगावरून एकमेकांशी बोलणारे, जणू मीच गेलो. माझा मेहुणा खाटेशी उभा राहून सुनंदाला म्हणाला, "याचं आता काय खरं नाई. तू पोरीचं शिक्षण पाहून घे." मी डोळे वटारून पाहत होतो. त्याने माझी चादर सारखी केली आणि गेला.

एक केरळची नर्स तेवढी वेगळी होती. तिने पहिल्याच दिवशी ठरवून दिलं, हो म्हणजे एकदा पापणी, नाही म्हणजे दोनदा. ती प्रत्येक गोष्ट विचारून करायची. एकदा ती कापसाने माझा गाल पुसत होती आणि मला तो कापूस कळला. हातांना नाही, गालाला. धुतलेला, आखूड धाग्याचा, जीव नसलेला माल. मी त्याला मनातल्या मनात नापास केलं आणि रडायला लागलो. तिला वाटलं दुखलं. तिने विचारलं, मी दोनदा पापणी मिटली.

त्या एकोणीस दिवसांत मला आमच्या जिनिंगमधली एक बाई सारखी आठवायची. गंजीवर, म्हणजे उतरवलेल्या कापसाच्या ढिगावर, कवडी आणि कचरा वेचायला बायका असतात. त्यांतल्या एकीला जन्मापासून ऐकू येत नाही आणि बोलता येत नाही. सगळे तिला मुकी म्हणायचे. मीही म्हणायचो. नऊ वर्षं ती माझ्यासमोर काम करत होती आणि तिला बोलवायचं झालं की मी कापसाचं बोंड फेकून मारायचो. तिचं नाव काय, हे मला माहीत नव्हतं. खाटेवर पडल्या पडल्या मी ते आठवायचा प्रयत्न करायचो. माहीतच नसलेलं नाव आठवणार कुठून?

*

घरी आलो तेव्हा मी बावन्न किलोंचा होतो. वॉर्डात सगळे आजारी असतात, तिथे आपण खपून जातो. घरात आपण एकटेच आजारी, बाकीचे धडधाकट, आणि त्यांचं धडधाकट असणं डोळ्यांत खुपतं. मुलगी प्राची इंटरला, म्हणजे बारावीला होती. कॉलेजला जायच्या आधी ती मला दाढी करून द्यायची आणि मी तिच्यावर खेकसायचो, कारण ती हळू करायची. सुनंदा मला उठवायची, बसवायची, संडासला न्यायची, आणि मी तिला सांगायचो की भाजीत मीठ कमी आहे.

एक दिवस तिने ताट जमिनीवर आदळलं. "मी काय दगड हावो का? तुमी बिमार हा, मले दिसते. पण मी बी सहा महिन्यापासून झोपली नाई, ते तुमाले दिसून राह्यलं का?" मग ती तिथेच बसली आणि सांडलेला भात गोळा करायला लागली. मला खाली वाकून मदत करता येत नव्हती. करता आली असती तरी केली असती का, सांगता येत नाही. आजाराआधीही मी घरात कधी वाकलो नव्हतो.

पाय आले. आधी वॉकर, मग काठी. हातात कप धरता यायला लागला, सही करता यायला लागली, वाकडी का होईना. पण बोटांच्या टोकांना काही कळेना. गरम चहात बोट बुडलं आणि फोड आल्यावर समजलं. ओलं काय, सुकं काय, सगळं एकच. आणि भेटेल तो माणूस पहिला हाच प्रश्न विचारायचा, "बोटं आले का?" किराणावाला, शेजारचा चहावाला, मंदिराचा पुजारी. अख्ख्या इचोड्याला माझ्या बोटांची काळजी.

सुनंदा म्हणाली, "आदिलाबादले सर्टिफिकेटाचा कॅम्प हाय. जाऊन येऊ. कागद असला तर कामी येते."

"मी काय अपंग हाय का?"

"मंग काय हा?"

मी कॅम्पला गेलो नाही. त्या रांगेत मला बसायचं नव्हतं. त्या रांगेतल्या माणसांकडे मी आजवर कसं पाहिलं होतं, ते मला ठाऊक होतं.

नवा हंगाम तोंडावर आला तेव्हा जिनिंगचे मालक, आमचे शेठ, सफरचंदं घेऊन घरी आले. शेठ माणूस वाईट नाही. माझ्या आजारात त्यांनी दोनदा नागपूरची फेरी मारली होती. खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "दिगंबरभाऊ, एकच विचारतो. बोटं आली का?"

"आली," मी म्हणालो.

सुनंदा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि ट्रे खाली ठेवला.

*

शेठनी माझ्यासाठी ट्रॉलीला लावायची कठडेवाली लोखंडी शिडी बनवून घेतली होती. खाली टेकायला रबर, वर धरायला दांडा. हे मी मुद्दाम लिहितो. पुष्कळ ठिकाणी एवढंही होत नाही.

पहिले आठ दिवस निभावले. यार्डात हात घालायचा, चेहरा गंभीर करायचा, मूठभर माल खिशात टाकायचा आणि ऑफिसच्या मागे जाऊन गालाला लावायचा. गाल खोटं बोलत नव्हता. परत येऊन निकाल सांगायचा. लोक म्हणायचे, आजारानंतर साहेब फार विचार करून बोलतात.

नवव्या दिवशी ट्रॅक्टरांची रांग रस्त्यापर्यंत गेली होती. भीमपूरकडचा एक ट्रॅक्टर आला. शेतकरी माझ्या ओळखीचा, नारायण. चार शेतकरी कठड्याला धरून बघत होते. मी हात खांद्यापर्यंत घातला, रीतीप्रमाणे. पण या वेळी घाईत सुन्न मुठीतून आतला कापूस निसटला. हात बाहेर निघताना वरचा कापूस तेवढा त्यात अडकला. तोच दाबला, तो छान फुलला. सरकी दाताखाली कट्ट वाजली. ऑफिसमागे जायला वेळ नव्हता आणि चार लोकांसमोर गालाला कापूस लावायची लाज वाटली. मी ओरडलो, "सुका! पास!" आणि सही केली.

गाडी गंजीवर रिकामी झाली. थोड्या वेळात जिला सगळे मुकी म्हणायचे ती बाई माझ्याकडे आली. तिने माझी बाही ओढली, स्वतःचा तळवा माझ्यासमोर धरला, मग गंजीकडे बोट केलं. पुन्हा तळवा. मी समजलो. समजलो नाही असं लिहिण्याची सोय होती, पण मी समजलो होतो. माल ओला होता, वजन वाढावं म्हणून मध्ये पाणी मारलेलं होतं. शेतकरी अजून समोर उभा होता. मी तिला हाताने हाकललं, माशी हाकलतात तसं.

चौथ्या दिवशी दुपारी गंजीतून आंबूस वास आला. हमालांनी ढीग फोडला तर आतला कापूस हात लावू देईना इतका तापलेला, पिवळा पडलेला. आग लागली असती तर अख्खी जिनिंग गेली असती. शेठ धावत आले.

"चिठ्ठ्या सुक्याच्या आहेत," ते म्हणाले. "दिगंबरभाऊनं पास केलेला माल आहे, म्हणजे ओला नव्हताच. मग पाणी कुठून आलं? ताडपत्री कोणी उघडी टाकली? दव पडलं असेल." मुकादमाने बायकांकडे पाहिलं. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मग एकीने त्या बाईकडे बोट केलं. तिला नाही म्हणता येत नव्हतं. ती माझ्याकडे बघून हातवारे करत होती, तळवा दाखवत होती, माझ्या बोटांकडे दाखवत होती. सगळ्यांना वाटलं ती विनवण्या करते आहे.

"उद्यापासून हिला नको," शेठ म्हणाले. "हिला काही सांगता येत नाही, समजावता येत नाही. धोका आहे."

मी काठीवर टेकून उभा होतो. एक शब्द पुरला असता. मी तो बोललो नाही.

*

आठवड्याभराने शेठ पेढे घेऊन आले. दिव्यांग दिन होता आणि इचोड्यातल्या व्यापाऱ्यांनी मिळून कार्यक्रम ठेवला होता. कामाच्या जागी जिद्द दाखवणाऱ्याचा सत्कार. सत्कारमूर्ती मी. मंडलातले अधिकारी येणार, पेपरवाले येणार.

त्या संध्याकाळी मी सुनंदाला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती मला झोडपेल. तिने तसं केलं नाही.

"चूप राहा," ती म्हणाली. "तिले दुसरीकडं काम भेटीन. तुमाले कोण देईन?"

"तिले कोण देईन, सुनंदा? तिले तं बोलता बी येत नाई."

"मले नका विचारू. मी एक वर्ष पाह्यलं हाय. मी आता अजून नाई पाहू शकत." आणि ती रडायला लागली. माझ्या आजारात ती माझ्यासमोर कधी रडली नव्हती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. माझ्या हाताला तिची पाठ कळत नव्हती. ती थरथरते आहे हे डोळ्यांनी दिसत होतं.

कार्यक्रम यार्डातच होता. मांडव, खुर्च्या, फलक. एका अधिकाऱ्यांनी तेलुगूत भाषण केलं, दुसऱ्यांनी हिंदीत. दोघांनीही मला प्रेरणा म्हटलं. समोर शेतकरी बसले होते, हमाल उभे होते, गंजीवरच्या बायका मागे जमिनीवर होत्या. ती नव्हती. शेठनी शाल घातली, नारळ दिला, माईक माझ्याकडे दिला.

मी म्हणालो, "माझी बोटं आलेली नाईत. मी खोटं सांगतलं. तो ओला माल माझ्यामुळं गंजीवर गेला. त्या बाईनं मले त्याच दिवशी सांगतलं होतं, मी तिले हाकललं. काढाचं तं मले काढा."

मी सुनंदाकडे पाहिलं नाही. मग शेठनी माईक घेतला. "देखा आपने? इसको कहते हैं ईमानदारी! तालियाँ!"

आणि टाळ्या पडल्या. जोरात. लोक उभे राहिले. अधिकाऱ्यांनी माझ्याशी हात मिळवला. मी कबुली दिली होती आणि तिचाही सत्कार झाला. दुसऱ्या दिवशी पेपरात माझा फोटो आला, मथळा 'जिद्दीला सलाम'. गंजीचं अवाक्षर नाही, त्या बाईचं तर नाहीच.

*

केबिनमध्ये मात्र शेठ वेगळे होते. "ये क्या किया आपने? उद्या कोणता शेतकरी तुमच्या हाताखाली माल देईल?" मग थोडे शांत झाले. "गेटवर खुर्ची टाकतो. गाड्यांची नोंद करा. पगार कमी करत नाही. आराम करा."

आधीचा मी असतो तर ती खुर्ची घेऊन बसलो असतो. मी विचारलं, "दुसरा ग्रेडर आणला का?" हंगाम ऐन भरात होता, चांगले ग्रेडर दिवाळीआधीच ठरलेले असतात, पार भैंशाच्या बाजारपेठेपर्यंत कोणी मोकळा नव्हता. हे मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं.

"त्या बाईले आणा," मी म्हणालो. "हात तिचा, दात माझे. बावीस वर्षाची नजर माझी. दोघं मिळून एक ग्रेडर."

"मुकी ग्रेडर?" ते हसले. मग हसायचे थांबले. "एक गाडी चुकली तर दोघंही घरी."

तिचं नाव मला मुकादमाच्या हजेरीवहीत सापडलं. गिरजा.

तिच्या घरी मी आणि सुनंदा गेलो. सुनंदा स्वतःहून आली. गिरजाची आई दारात आली. "आता काऊन आले साहेब? अजून काही जळालं का?"

गिरजा अंगणात जाळायची पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, मोडत होती. मी तिच्यासमोर उभा राहिलो आणि माफी मागायची खूण मला येईना. नऊ वर्षांत मी एकही शिकलो नव्हतो. छातीवर हात ठेवला, बोटं दाखवली, मान हलवली. तिने माझ्याकडे बघितलं. मग पऱ्हाटीवरचं एक वाळलं बोंड तोडलं. त्याची टोकं सुईसारखी असतात. तिने माझा उजवा हात धरला आणि दुसऱ्या हाताने माझी हनुवटी धरून तोंड भिंतीकडे फिरवलं. मी भिंतीकडे बघत राहिलो. बराच वेळ काही झालं नाही. मला वाटलं ती विचार करते आहे.

मग सुनंदाच्या तोंडून "अगं आई" असं निघालं. मी वळून पाहिलं तर तीन बोटांवर रक्ताचे तीन थेंब होते.

गिरजा माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. त्या वेळी मला कळलं की आजवर ज्या सगळ्यांनी विचारलं, शेठनी, पुजाऱ्याने, किराणावाल्याने, त्यांनी माझा शब्द घेतला होता. तिने माल पाहिला. तिने पदराच्या टोकाने माझी बोटं पुसली, जरा जोरातच, आणि घरात गेली. आई म्हणाली, "येईन ते उद्या. पण तुमच्यासाठी नाई, साहेब. ते काम तिले येते म्हणून येईन."

*

आता महिना झाला. ती शिडी चढते, मी काठी टेकून खाली उभा असतो. पहिल्याच दिवशी नारायण पुन्हा ट्रॅक्टर घेऊन आला आणि तणतणला, "माहा माल आता मुकी पाह्यीन का?"

"बोलाची गरज तुले हाय," मी म्हणालो. "कापसाले नाई."

तिने खांद्यापर्यंत हात घातला आणि मधून मूठभर माल ओढून काढला. तो गोळा होऊन तिच्या तळव्यावर बसून राहिला. नारायण शिव्या देत दुसऱ्या जिनिंगकडे गेला. शेठ ऑफिसच्या पायरीवरून बघत होते.

सगळं सरळ झालं, असं समजू नका. तिची हजेरी अजून गंजीवरच्या बायकांच्याच यादीत लागते. मी तीनदा सांगितलं, शेठ म्हणतात हंगाम संपू द्या. शेतकरी निकाल ऐकायला अजून माझ्याच तोंडाकडे बघतात. मला अजून रोज संध्याकाळी पाय ओढत घरी यावं लागतं, आणि आदिलाबादच्या कॅम्पला मी मागच्या आठवड्यात गेलो, रांगेत चार तास बसलो. सुनंदा बरोबर होती. तिने डब्यातून पोळी काढून माझ्या हातात दिली आणि ती पडणार नाही ना, हे बघत राहिली.

पहिल्या दिवशीच मला वाटलं होतं, चिठ्ठीवर ग्रेडरच्या जागी तिचा अंगठा घ्यावा. हक्काचं आहे. मी शाईची डबी घेऊन तिच्याकडे गेलो, मोठा उपकार करतोय अशा थाटात. तिने डबीकडे पाहिलं, गंजीकडे पाहिलं, जिथे तो माल तापून पिवळा पडला होता, आणि नकाराची मान हलवली. मग माझ्या खिशातल्या पेनाकडे आणि माझ्याकडे बोट केलं.

तेव्हापासून असंच चालतं. ती हात मालात घालते, मूठभर माल माझ्या दातांसाठी खाली टाकते, हात पुन्हा आत घालून मला खूण करते, मी निकाल ओरडतो. आणि चिठ्ठीवर माझी सही होताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ती ट्रॉलीतून हात बाहेर काढत नाही.